नदीपार जाणारा कामठा

फार फार वर्षांपूर्वी, सोनखडी नदीवर पूल नव्हता आणि सातपुड्याच्या त्या अंगाला साधी गाडीवाटही नव्हती, तेव्हा घडलेलं सांगते. ऐका.

नदीच्या अलीकडे धामणपाणी नावाचं गाव होतं. गावाच्या डोक्यावर, टेकाडावर, ठाकूर मोकमसिंगाची गढी होती. नदीच्या पलीकडे नुसतं जंगल होतं आणि त्या जंगलावर कोणाचाच हुकूम चालत नव्हता.

धामणपाण्यात ठुमली नावाची बाई राहत होती. ती कामठे, म्हणजे धनुष्यं, करायची. तीरकामठा तेव्हा घरोघरी असे, आणि ज्याचा त्याचा कामठा जो तो आपणच करी. बांबू चिरायचा, तासायचा, दोरी चढवायची की झाला कामठा. ठुमलीचं तसं नव्हतं. तिच्या बापाने तिला पदरापदराचा कामठा शिकवला होता. बाहेरून बांबूची पट्टी, पोटात धामणीच्या झाडाच्या लाकडाची पट्टी, आतून परत बांबू. लोक हसायचे. म्हणायचे, "एका बांबूत भागतं तिथे ही तीन पट्ट्यांचं लग्न लावत बसते!"

ठुमली हसणाऱ्याकडे अशी बघायची, की तो आपली वाट धरायचा. रागीट होती. असं म्हणतात, की जन्मली तेव्हा ती रडलीच नाही, ओरडली. सुईण म्हणाली, "ही पोर कोणाशी तरी भांडतच आली आहे."

पण कामाला बसली की हीच ठुमली पाण्यासारखी शांत व्हायची. पट्ट्या ती इतक्या पातळ तासायची की उन्हात धरल्या तर पलीकडचा उजेड दिसावा. मग मडक्यात पाणी उकळायचं, वाफेवर पट्टी धरायची आणि लाकूड नरम पडलं की हळूहळू वाकवायची. किती वाकवायचं ते हाताला कळलं पाहिजे. थोडं जास्त झालं की कडकन मोडते, थोडं कमी झालं की पुन्हा सरळ होते. वाकवलेल्या पट्ट्या ती खाचा पाडलेल्या ओंडक्यावर पळसाच्या मुळांच्या दोरीने करकचून बांधून ठेवायची. त्या सुकल्या की खापरीने खरवडायच्या, निखाऱ्यावर कोमट करायच्या आणि मग सरस. चामड्याचे तुकडे आणि गुरांच्या शिरा मंद आचेवर उकळून उकळून केलेला दाट, पिवळा, चिकट सरस. तो दोन्ही अंगांना लावायचा, पट्टीवर पट्टी चढवायची, परत बांधायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. घाई करायची नाही. घाई केली तर वरून जुळलेलं दिसतं आणि आतून सुटलेलं असतं.

आता गढीचं ऐका. मोकमसिंग ठाकूर गावाकडून वेठ घ्यायचा. त्याचं शेत नांगरायचं, त्याचा मेणा वाहायचा, त्याच्या घोड्यांना गवत कापायचं, आणि बदल्यात शिव्या खायच्या. ज्याची पाठ चाबकाने फुटली, ज्याला सोसवेनासं झालं, तो एकच करायचा. धावत सुटायचा आणि नदीत उडी टाकायचा. गढीचे शिपाई काठावरून बाण मारायचे. पण सोनखडीचं पात्र असं रुंद, की कोणाचाच बाण पलीकडे पोचत नसे. मधल्या पाण्यात बुडबुड करून बुडायचा. पलीकडचा काठ गाठला की माणूस सुटला. वेठीच्या त्या दिवसांत गावाला जगायला तेवढाच एक आधार होता. आपण जात नसलो, तरी जाता येतं, एवढं माहीत असणं.

एका हिवाळ्यात बिबट्या गुरं उचलू लागला. गढीचा जमादार ठुमलीच्या अंगणात आला.

"ठाकुरांना कामठा हवा आहे," तो म्हणाला. "तुझ्या हातचा. बिबट्या मारायचा आहे."

ठुमलीचा धाकटा भाऊ खुमान तिथेच बांबू चिरत बसला होता. जमादार गेल्यावर तो म्हणाला, "बाय, गढीला कशाला देतेस? त्यांच्याकडे भाले आहेत, तलवारी आहेत."

"आपली शेळी बिबट्यानेच नेली ना?" ठुमली म्हणाली. "तो मेला तर मला काय, कोणाच्या हातून का मरेना."

असं ती म्हणाली खरी. पण मनात दुसरंही होतं. आजवर तिच्या कामाला कोणी मागणी घातली नव्हती. आता गढीवरून माणूस आला होता. तिला दाखवायचं होतं, की तीन पट्ट्यांच्या लग्नातून काय निपजतं. तिने डोंगराच्या उतरणीवरची, वाऱ्याला तोंड देऊन वाढलेली धामण निवडली. इतका जीव तिने कुठल्याच कामात ओतला नव्हता. कामठा तयार झाला तेव्हा ती आणि खुमान नदीवर गेले. तिने दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

बाण नदीवरून गेला. मधलं पाणी ओलांडून गेला. पलीकडच्या काठावरच्या अर्जुनाच्या झाडात जाऊन रुतला.

ठुमली आनंदाने ओरडली. खुमान मात्र ओरडला नाही. त्याने हळूच म्हटलं, "बाय, हे कोणाला सांगू नकोस."

पण कामठा न्यायला आलेला जमादार मागे दरडीवर उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

कामठा गढीवर गेला. बिबट्या मेला. ठाकुराने त्याचं कातडं गढीच्या दारावर ठोकलं, आणि मग त्याच्या मनात आलं, दार जुनं झालं आहे, नवं करावं. नव्या दाराला मोठं लाकूड हवं. मोठं लाकूड कुठे आहे? देवाच्या राईत. ज्या राईतली वाळकी काटकीही कोणी चुलीत घालत नव्हतं, त्या राईत ठाकुराने कुऱ्हाडी घातल्या. आणि ओंडके वाहायला गावाला वेठीला धरलं.

त्या दिवशी ठुमली गावात नव्हती. ती वरच्या दरीत बांबू आणायला गेली होती. बाकी झाडून सारं गाव ओंडके ओढत नदीकाठाने चाललं होतं. त्यात ठुमलीचा नवरा वेस्ता होता, गावाचा कारभारी डुंगऱ्या होता, खुमानही होता. मधेच खुमानने खांद्यावरची दोरी खाली टाकली.

"हे देवाचं लाकूड आहे," तो म्हणाला. "मी नाही ओढणार."

ठाकूर घोड्यावर होता. तो रागावला नाही. हसला. म्हणाला, "खरं आहे तुझं. जा, तुला सोडलं. पळ. नदीपार पोचलास तर तू मोकळा."

खुमानने गावाकडे पाहिलं. गावाने मान खाली घातली. मग तो पळाला. पाण्यात पडला. हिवाळ्याचं गार पाणी, पण तरणा माणूस, सपासप हात मारत गेला. ठाकूर थांबून राहिला. कोणी बाण मारेना. लोकांना वाटलं, ठाकुराच्या मनात दया उपजली. खुमान पलीकडे पोचला, वाळूत उभा राहिला, निथळत वळला आणि दोन्ही हात वर करून त्याने आरोळी ठोकली.

तेव्हा ठाकुराने मागे हात केला. जमादाराने त्याच्या हातात ठुमलीचा कामठा दिला.

सगळं गाव बघत होतं. कोणी "खुमान, पड!" असं ओरडलं असतं तर तो वाळूत आडवा झाला असता. असं म्हणतात, की एवढी दोनच अक्षरं हवी होती. पण एकाही तोंडातून ती निघाली नाहीत. बाण गेला आणि वर केलेले दोन्ही हात खाली आले.

ठुमली बांबूचा भारा घेऊन उतरली, तेव्हा खुमान तिच्याच अंगणात आणून ठेवला होता. बायका रडत होत्या. ठुमलीने भारा खाली टाकला, भावाजवळ बसली आणि त्याच्या छातीतला बाण हाताने चाचपला. तो कुठवर गेला आहे ते तिने पाहिलं. कुठून मारला ते कोणी सांगायची गरज पडली नाही. जगात एकच कामठा होता, जो एवढ्या दुरून इतका खोल बाण घालू शकत होता, आणि तो तिच्या हातचा होता.

ती रडली नाही. उभी राहिली.

"कोण कोण होतं तिथे?" तिने विचारलं.

कोणी बोलेना.

"बोला की! आता तरी बोला! कोण होतं?"

"सगळेच होतो, ठुमा," डुंगऱ्या कारभारी म्हणाला. तो म्हातारा होता. "आम्ही काय करणार? ठाकूर होता."

"आणि तू?" ठुमली वेस्ताकडे वळली.

वेस्ता म्हणाला, "माझ्या गळ्यातून आवाजच निघाला नाही."

ठुमलीने त्या सगळ्यांना अंगणातून हाकलून दिलं. रडणाऱ्या बायकांनाही. म्हणाली, "माझ्या भावावर रडायचा हक्क तुम्ही नदीवर टाकून आलात. जा, तिथे शोधा." परगावचे चार पाहुणे आले, तेव्हा खुमानला माती मिळाली. त्या दिवसापासून ती वेस्ताशी बोलली नाही. भाकरी थापायची, त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

तिचा राग गावावर होता. त्याहून जास्त गढीवर होता. पण सगळ्यांत जास्त तिच्या स्वतःच्या हातांवर होता. असं म्हणतात, की ती हात पाण्यात बुडवायची तर पाणी चरचरायचं. तिने पीठ मळलं की ते परातीतच भाजून निघायचं. तिच्या झोपडीच्या कुडावर हात टेकला तर तिथे काळा डाग पडायचा. खरं-खोटं देव जाणे. पण त्या दिवसांत ठुमलीच्या अंगणात पाखरू उतरत नव्हतं, एवढं सगळे सांगतात.

आणि अशात एक दिवस जमादार परत आला.

"ठाकूर खूश आहेत," तो म्हणाला. "तसलेच कामठे हवेत. गढीच्या प्रत्येक शिपायाला एक. होळीच्या आत."

ठुमलीला कळलं. गावालाही कळलं. असे कामठे शिपायांच्या हातात पडले, की नदी असून नसल्यासारखी. मग कोणीच कधी पलीकडे जाणार नाही. म्हातारे नाहीत, पोरं नाहीत, पोरांची पोरं नाहीत.

"आणि नाही केले तर?" तिने विचारलं.

"तर घरं गवताची आहेत," जमादार म्हणाला आणि निघून गेला.

मग गाव तिच्या दाराशी आलं. ज्यांना तिने हाकललं होतं तेच सगळे. डुंगऱ्या कारभारी पुढे झाला. "ठुमा, पोरी, करून टाक. पोरंबाळं आहेत. गढीशी कोण भांडणार?"

ठुमलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "करते. पण मी एकटी नाही करणार. उद्या सकाळी गावच्या मधल्या चिंचेखाली या. घराघरातून एक माणूस."

त्याच दिवशी ती गढीवर गेली. ठाकूर ओसरीवर बसला होता आणि तो कामठा त्याच्या मांडीवर होता.

"मालक, कामठे करते," ती म्हणाली. "पण तो पहिला मला द्या. त्याच्यावरून माप घ्यायचं आहे."

ठाकूर हसला. "माप तुझ्या हातात असेल. हा माझ्याजवळून हलायचा नाही."

तिने पुन्हा मागितला नाही. परत आली. तिला माहीत होतं, की त्या एका कामठ्याशी आपली गाठ उरली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने चिंचेखाली मोठी चूल मांडली आणि सरसाचं मडकं चढवलं. उकळता सरस म्हणजे कुजक्या चामड्याचा वास. एरवी ती गावाबाहेर ओढ्यावर जाऊन उकळायची. त्या दिवशी भर गावात उकळला. वास घराघरात शिरला, कोनाड्यात, दळणात, माणसांच्या केसांत. नाकाला पदर लावून बायका आल्या, खाकरत पुरुष आले. कोणी घरी राहू शकलं नाही.

ठुमलीने सगळ्यांना बसवलं आणि शिकवलं. जे बापाने फक्त तिला शिकवलं होतं ते तिने सगळ्या गावाला शिकवलं. पट्टी कशी तासायची, वाफ कशी द्यायची, कुठवर वाकवायची. कोणाची मोडली तर ती ओरडायची, "तुझं लाकूड नाही मोडलं, तुझा धीर सुटला! घे दुसरी!" हातांना फोड आले, बोटं भाजली. कामठ्यांचे ओंडके चिंचेच्या सावलीत ओळीने पडले. वेस्ताही होता. ती त्याच्या हातातली पट्टी नीट धरून द्यायची, पण बोलायची नाही.

पट्ट्या सुकल्या. सरस लावायचा दिवस आला. तेव्हा ठुमलीने पदराखालून एक भोपळा काढला. त्यात मोहाच्या बियांचं तेल होतं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "सरसाचा वैरी कोण? तेल. जिथे तेलाचा हात लागला तिथे सरस धरत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि कडेला चांगला सरस लावायचा. आणि मधे, पोटाला, तेलाचं बोट फिरवायचं. मग बांधायचं. वरून कोणाला काही दिसणार नाही. अर्धी दोरी ओढली तर कामठा टिकेल. पण नदीपार बाण टाकायला दोरी कानापर्यंत ओढावी लागते. ती ओढली, की पदर सुटतील."

सगळे गार पडले. डुंगऱ्या म्हणाला, "अगं पण कोणी जाऊन गढीवर सांगितलं तर?"

"म्हणूनच घराघरातून माणूस बोलावला," ठुमली म्हणाली. "तेलाचं बोट जो तो आपल्या हाताने फिरवणार. जो सांगेल त्याचंही बोट तेलाचंच निघेल." मग ती थांबली, आणि तिचा दाबून धरलेला आवाज फुटला. "खुमान पळत होता तेव्हा तोंडं शिवून बसलात ना? मोठी घट्ट शिवण घातलीत! आता तीच राहू द्या. एकदा नको तिथे गप्प बसलात, आता हवं तिथे बसून दाखवा!"

मग म्हाताऱ्या डुंगऱ्याने हात पुढे केला, बोट तेलात बुडवलं आणि आपल्या पट्टीच्या पोटावरून फिरवलं. त्याच्यामागे सगळ्यांनी.

असं म्हणतात, की फागुन येईपर्यंत धामणपाण्यात कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. इतकं ते गाव गप्प राहिलं.

होळी तोंडावर आली आणि ठाकूर शिपाई घेऊन नदीवर आला. कामठे वाळूत मांडून ठेवले होते. जमादाराने एक उचलला, दोरी टिचकावली, थोडी ओढून पाहिली. टणत्कार झाला.

"चांगले दिसतात," तो म्हणाला.

"दिसण्यावर काय जाता?" ठुमली पुढे झाली. "मालक, माझा भाऊ जिथे पडला तिथे मी जाऊन उभी राहते. तिथवर बाण आले तरच माझं काम खरं. आले नाहीत तर गाव जाळून टाका."

ठाकुराच्या मिशा हलल्या. "बाई आहे खरी," तो म्हणाला. "जा."

फागुनात सोनखडीचं पाणी कमरेइतकं असतं. ठुमली चालत गेली. वळून न पाहता गेली. पलीकडे अर्जुनाच्या झाडासमोर, वाळूत, ती गढीकडे तोंड करून उभी राहिली. अलीकडे शिपाई ओळीने उभे राहिले. त्यांच्या मागे गाव उभं होतं. खुमानच्या वेळी जसं होतं तसंच.

शिपायांनी बाण लावले. दोऱ्या ओढल्या. छातीपर्यंत आल्या. कानापर्यंत आल्या.

आणि बांबूचं बेट पेटल्यावर होतो तसा आवाज झाला. फाट्, फाट्, फाट्! पदर सुटले, पट्ट्या उलटल्या. कोणाच्या गालावर बसली, कोणाच्या मनगटात घुसली, कोणाचा अंगठा दोरीने चिरला. शिपाई तोंडं धरून वाळूत लोळू लागले. असं म्हणतात, की एक पट्टी उडाली ती थेट गढीच्या नव्या दारात जाऊन रुतली आणि दार उभं चिरलं.

ठाकुराला कळायला वेळ लागला नाही. त्याने घोड्यावरचा आपला कामठा काढला. पहिला. ज्याच्या पोटात तेल नव्हतं, ज्यात ठुमलीचा सगळा जीव होता तो. त्याने बाण लावला आणि दोरी ओढली. कामठा कुरकुरलासुद्धा नाही. तो फार चांगला केलेला होता.

पलीकडून ठुमलीने ते पाहिलं. ती पळाली नाही, आडवी झाली नाही. पण तिने ठाकुराकडेही पाहिलं नाही. ती गावाकडे बघून ओरडली. असं म्हणतात, की तो आवाज वरच्या दरीतल्या गुराख्यांनी ऐकला.

"बघा! उभे राहा आणि बघा! तुम्हाला तेवढंच येतं!"

वेस्ता गावाच्या पुढच्या ओळीत होता. त्याच्या गळ्यात काहीतरी अडकलं होतं ते सुटलं. तो ओरडला. शब्द नव्हता, नुसती आरोळी होती. ओरडत तो पाण्यात उतरला आणि बाणाच्या वाटेत उभा राहिला. त्याच्या मागे डुंगऱ्या म्हातारा काठी टेकत उतरला. मग बायका उतरल्या, पोरांना कडेवर घेऊन उतरल्या. सगळं गाव ओरडत नदीत शिरलं. कमरेइतक्या पाण्यात माणसांची भिंत उभी राहिली, आणि ती भिंत ठाकुराकडे तोंड करून ओरडत होती.

ठाकुराचा हात हलला. इतकी तोंडं त्याने कधी उघडी पाहिली नव्हती. तो कोणावर नेम धरणार? बाण त्याच्या हातून सुटला, माणसांच्या डोक्यांवरून गेला, ठुमलीच्या डोक्यावरून गेला, अर्जुनाच्या शेंड्यावरून गेला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. लोकांनी जंगल पालथं घातलं, बाण सापडला नाही. असं म्हणतात, की तो अजून खाली आलेलाच नाही.

मग भिंत काठाकडे चालू लागली. शिपाई आधीच पळाले होते. जमादार पळाला. ठाकुराने घोड्याला टाच मारली, पण घोडा त्या आरोळीने बिथरला होता, त्याने धन्याला वाळूत टाकलं. गावाने ठाकुराला हात लावला नाही. नुसतं त्याच्याभोवती उभं राहिलं आणि ओरडत राहिलं. एकेक जण पुढे येऊन आपल्या घरात त्याने काय केलं ते त्याच्या तोंडावर सांगू लागला. कोणाची पाठ, कोणाची पोर, कोणाचा बैल. सूर्य डोंगराला टेकला तरी ते संपेना. शेवटी ठाकूर कानांवर हात ठेवून, अनवाणी, सातपुडा उतरून निघून गेला. त्याला पुन्हा त्या मुलखात कोणी पाहिलं नाही. गढीची माणसं त्याच्यामागे गेली आणि गढीत वटवाघळं राहायला आली.

ठुमली नदी ओलांडून परत आली. लोकांना वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही. तिने ठाकुराच्या हातून वाळूत पडलेला आपला पहिला कामठा उचलला, चिंचेखाली नेला, मडक्यात पाणी उकळलं आणि कामठा वाफेवर धरला. सरस जसा धरतो तसा वाफेने सोडतोही. हळूहळू पदर सैल झाले. तिने बोटांनी पट्ट्या वेगळ्या केल्या. इतकी चांगली वस्तू तिने आयुष्यात दुसरी केली नव्हती, आणि ती सोडवताना तिचे हात जराही कापले नाहीत. पट्ट्या तिने चुलीत घातल्या. मग ती खाली बसली आणि खुमानसाठी रडली. पहिल्यांदाच. या वेळी बायका तिच्याभोवती येऊन बसल्या आणि तिने त्यांना हाकललं नाही.

वेस्ता तिच्यासमोर उभा होता. ओलाचिंब. म्हणाला, "उशीर झाला मला."

"झाला," ठुमली म्हणाली. "एक माणूस मेला, एवढा उशीर झाला. बस. ओले कपडे काढ."

लोकांनी तिला देवी म्हणायचा प्रयत्न केला, तर ती दगड घेऊन मागे लागली. पुढे ती खूप म्हातारी झाली, आणि म्हातारपणीही तिच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती. शिकारीचे कामठे तिने पुष्कळ केले, पण नदीपार जाईल असा पुन्हा केला नाही. दुसऱ्या कोणी केला तर ती तो मागून घ्यायची आणि वाफेवर धरायची.

ती कुठे गेली ते नक्की कोणी सांगत नाही. काही म्हणतात, ती पलीकडच्या जंगलात चालत गेली, हरवलेला बाण शोधायला. काही म्हणतात, ती साधी माणसासारखी मेली आणि खुमानशेजारी तिला ठेवलं.

धामणपाण्यात ठुमलीचं देऊळ नाही. तिला नारळ फोडत नाहीत, तिची जत्रा भरत नाही. पण गावातल्या कोणाही बाईला आजही एक करता येतं. तिच्यावर काही अन्याय झाला, नवऱ्याने हात टाकला, भावांनी जमीन दाबली, कोणी बड्याने दमदाटी केली आणि लोक बघून न बघितल्यासारखे करू लागले, तर ती गावच्या मधोमध चूल मांडते आणि तिच्यावर सरसाचं मडकं चढवते. तिला कोणी अडवत नाही. पाटील असो की सासरा असो, त्या चुलीतलं लाकूड कोणी ओढायचं नाही.

वास घराघरात शिरतो. लोक ताटावरून उठतात, हातातलं काम टाकतात आणि येतात. यायला लागतंच. कोण खरं, कोण खोटं ते मागाहून ठरतं, आधी सगळ्यांनी यायचं आणि चुलीभोवती उभं राहायचं. मग तिथे ज्याने ज्याने काही पाहिलं असेल, त्याला ते मोठ्याने सांगावं लागतं. आणि जिने चूल पेटवली ती बाई बोलते. ती बोलून होईपर्यंत धामणपाण्यात कोणी घरी जात नाही.